नादारी आणि नादाराचा वकील



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही स्नेह्यांनी आम्हाला विचारले, की वसंतातल्या ह्या प्रसन्न संध्याकाळी असला अशुभ विषय कशाला? प्रश्न रास्त आहे. दुखणे, मृत्युपत्र आणि कर्ज ह्या तीन गोष्टी चारचौघांत बोलू नयेत असा आपल्याकडे जुना संकेत आहे. पैकी दुखण्याविषयी लोक आता मोकळेपणाने बोलतात, मृत्युपत्रेही करू लागले आहेत. कर्जाविषयीचे मौन मात्र अजून सुटलेले नाही, आणि ह्या मौनाची किंमत फार मोठी पडते असा आमचा अनुभव आहे.

कर्जात बुडू लागलेला मध्यमवर्गीय माणूस कोठे कोठे जातो ते पाहा. प्रथम तो मेहुण्याकडे जातो. मग सोनाराकडे, मग पतसंस्थेकडे, मग महिना पाच टक्क्यांनी पैसे देणाऱ्या खाजगी माणसाकडे. दरम्यान एखाद्या ज्योतिषाकडेही जाऊन येतो. वकिलाकडे तो सर्वांच्या शेवटी येतो. जप्तीचा हुकूम घेऊन बेलिफ दारात उभा राहिला म्हणजे. तोवर दागिने गेलेले असतात, दोन नातेवाईक जामीन म्हणून गुंतलेले असतात, आणि घाबरून चार कागदांवर अशा सह्या झालेल्या असतात की ज्या नंतर कोणालाही पुसता येत नाहीत. म्हणून आजचा विषय आम्ही असा मांडणार आहोत: कर्जाच्या अडचणीत वकील केव्हा गाठावा, कसा निवडावा, आणि निवडल्यावर त्याच्याशी कसे वागावे.

प्रथम शब्दांकडे वळू. आपल्या भाषेत ह्या स्थितीला दोन शब्द आहेत. एक दिवाळे. पूर्वी पेढी बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्या शब्दातली नाचक्की खरी आहे. 'दिवाळखोर' ही शिवी आहे. दुसरा शब्द नादारी. ज्याच्याजवळ नाही तो नादार. ह्या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना शाळेत पूर्ण वा अर्धी नादारी मिळाली असेल. फी भरण्याची ऐपत नाही असा अर्ज वडिलांनी केला, हेडमास्तरांनी चौकशी केली आणि फी माफ झाली. त्यात कोणाची अब्रू गेली नाही. अट एकच होती. घरची मिळकत खरी सांगायची. कायद्यातला शब्दही नादारी हाच आहे आणि त्याची अटही तीच आहे. आजच्या व्याख्यानाचे सार ह्या एका अटीत आहे असे म्हटले तरी चालेल.

ह्या विषयाचा पुणे जिल्ह्याशी जुना संबंध आहे. ही व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी १८७५ साली सुरू केली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी आठवड्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. लोण लवकरच पुणे व नगर जिल्ह्यांतल्या इतर गावी पोहोचले. ह्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. कागद हवाली करा, म्हणजे सोडतो, असा प्रकार ठिकठिकाणी झाला, आणि मिळालेले कागद जाळण्यात आले.

कागदांवर एवढा राग का? शेतकऱ्याला खत वाचता येत नव्हते आणि हिशेब सावकाराच्या वहीत होता. दावा झाला तरी तो कोर्टात हजर होत नसे. त्यामुळे हुकूमनामे एकतर्फी होत. त्या हुकूमनाम्याखाली जमीन जाई, प्रसंगी ऋणको तुरुंगातही जाई. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कोर्टाने नुसत्या खतावर न जाता मागचा सारा हिशेब उकलून पाहावा, हप्ते बांधून द्यावेत, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करू नये, अशा त्यात तरतुदी होत्या. शेतकऱ्याच्या नादारीचे एक स्वतंत्र प्रकरणही होते. ह्याच कायद्याखाली पुढे रानड्यांनी काम केले आणि फिरतीवर राहून खालच्या कोर्टांची दप्तरे तपासली.

त्या कायद्यातली एक तरतूद आमच्या विषयाला फार जवळची आहे. धनको आणि ऋणको ह्यांच्यात तडजोड घडवण्यासाठी गावोगाव सलोखा करणारे नेमले होते, आणि त्यांच्यापुढे वकिलाला उभे राहण्याची मनाई होती. अडचणीतल्या माणसाच्या पाठीवर वकिलाची फी म्हणजे आणखी एक कर्ज, असे कायदा करणाऱ्यांना वाटले असले पाहिजे. ती शंका अगदीच निराधार नव्हती. पण एकतर्फी हुकूमनाम्यांचा इतिहास दुसरीही बाजू सांगतो. ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याचा हिशेब दुसराच कोणी तरी लिहितो. वकील हे औषध आहे. कोणते, किती आणि केव्हा घ्यायचे हे कळले नाही तर तेही बाधते.

तो कायदा आता इतिहासजमा झाला. आज पुण्यातला साधा माणूस, म्हणजे नोकरदार, दुकानदार, भागीदारीतला व्यापारी, नादारीसाठी ज्या कायद्याकडे जातो तो प्रांतिक नादारी कायदा १९२० सालचा आहे. मुंबई शहराला १९०९ सालचा वेगळा कायदा आहे. पार्लमेंटने २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता केली आणि तिच्यात व्यक्तींसाठीही एक भाग लिहिला. परंतु तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आणला. इतर व्यक्तींना शंभर वर्षांपूर्वीचा जुनाच कायदा लागू आहे. त्यामुळे वर्तमानपत्रांत मोठमोठ्या कंपन्यांच्या नादारीच्या बातम्या वाचून 'मलाही तसेच करता येईल' असे जो मनाशी ठरवतो, त्याची पहिली फसगत तेथेच होते.

जुना कायदा थोडक्यात असा आहे. कर्ज पाचशे रुपये वा अधिक असेल, किंवा हुकूमनाम्यापायी अटक झाली असेल, किंवा मालमत्तेवर जप्ती चालू असेल, तर कर्ज फेडण्यास असमर्थ असलेला ऋणको न्यायालयात स्वतः अर्ज करू शकतो. धनकोलाही काही अटींवर तसा अर्ज करता येतो. न्यायालयाने माणसाला नादार ठरवले म्हणजे त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि तिची वाटणी धनकोंत होते. न्यायालयाच्या परवानगीवाचून मग धनकोला नवा दावा लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि राहते घर, अशा ज्या वस्तू दिवाणी कायद्याने जप्तीतून वगळल्या आहेत त्या त्याच्याकडे राहतात. पुढे ठरलेल्या मुदतीत त्याने विमुक्तीचा अर्ज करायचा, आणि न्यायालयाचे समाधान झाले तर त्याला जुन्या कर्जांतून सोडवायचे. शाळेच्या नादारीसारखेच हे आहे. फक्त येथे चौकशी हेडमास्तरांऐवजी न्यायाधीश करतात.

ह्या औषधाने काय बरे होत नाही, तेही सांगितले पाहिजे, कारण चांगला वकील ते पहिल्याच भेटीत सांगतो. गहाण टाकलेले घर ह्याने वाचत नाही. तारण असलेल्या बँकेचा तारणावरचा हक्क नादारीने थांबत नाही. विमुक्ती झाली तरी सरकारी देणे, फसवणुकीने केलेले कर्ज आणि पोटगी सुटत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, जामीनदार सुटत नाही. तुम्ही मुक्त झालात तरी तुमच्या कागदावर सही केलेला मावसभाऊ आहे तेथेच राहतो. पतसंस्थेच्या प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार मागणाऱ्या ह्या प्रदेशात ही गोष्ट कोणीही विसरू नये.

आता वकील निवडण्याचा प्रश्न.

लोक विचारतात, नादारीचा खास वकील पुण्यात कोण? आम्ही त्यांना आधी उलट विचारतो, की कर्ज कोणाचे आहे? कारण कर्जाच्या जातीवर न्यायालय ठरते आणि न्यायालयावर वकील ठरतो. घर बँकेकडे गहाण असेल आणि सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस आली असेल, तर बँकेला लेखी हरकत कळवावी लागते. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. ते न्यायाधिकरण पुण्यात आहे. कर्ज सहकारी पतसंस्थेचे असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुलीचा दाखला निघतो. त्याविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून दाखला निघण्याआधीच म्हणणे मांडणारा माणूस हवा. कर्ज खाजगी सावकाराचे असेल तर त्याच्याकडे परवाना आहे काय, हा पहिला प्रश्न. त्यासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आणि सहकार खात्याचा निबंधक आहे. चेक परत गेला असेल तर फौजदारी न्यायालयाचे काम निघते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर खटला उभा राहतो. कंपनीची नादारी असेल तर मुंबईतल्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जायचे. आणि व्यक्तीची नादारी असेल तर शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय.

म्हणून पहिली कसोटी अशी: वकील तुमच्या कर्जाची यादी मागतो काय? 'किती कर्ज आहे' एवढेच विचारून जो लगेच उपाय सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे. 'कोणाचे, कशावर, केव्हापासून, जामीन कोण' हे जो विचारतो तो आपल्या कामाचा. प्रांतिक नादारी कायद्याखालचे अर्ज विरळाच होतात. त्यामुळे ज्याने असा एकही अर्ज चालवलेला नाही असा वकील अप्रामाणिक ठरत नाही. पण त्याने ते स्पष्ट सांगितले पाहिजे आणि जाणत्या सहकाऱ्याला बरोबर घेतले पाहिजे.

दुसरी कसोटी: तो 'नको' म्हणू शकतो काय? कित्येकदा नादारीचा अर्ज हा उपायच नसतो. नोकरी शाबूत आहे, कर्ज दोनच ठिकाणचे आहे, तारण पुरेसे आहे, अशा माणसाने बँकेशी हप्ते वाढवून घेण्याचे किंवा एकरकमी तडजोडीचे बोलणे करावे. ते लेखी घ्यावे आणि शेवटी 'काही येणे नाही' असा दाखला हातात पडेपर्यंत पिच्छा सोडू नये. नादार ठरलेल्या माणसाला स्थानिक स्वराज्य संस्थेत निवडून जाता येत नाही, आणि त्याची पत तर जातेच. हे सारे सांगून 'अर्ज नको' म्हणणाऱ्या वकिलाने त्या दिवशी स्वतःची फी गमावलेली असते. अशाच्या शब्दावर विश्वास ठेवावा.

तिसरी कसोटी: तो नक्की कोणाचा वकील आहे? समजा, भोसरीत दोन भावांचा लहानसा कारखाना आहे. कंपनी खाजगी मर्यादित, कर्ज कंपनीच्या नावावर, आणि हमी दोघा भावांची. कंपनी न्यायाधिकरणात गेली म्हणजे तिच्यावरच्या वसुलीला स्थगिती मिळते. भावांना वाटते, आपणही वाचलो. तसे नसते. ती स्थगिती हमीदारांना लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. कंपनीचा चेक परत गेला असेल तर त्यावर सही करणारा संचालकही तिच्या आडोशाला येत नाही, हे २०२१ च्या निकालाने ठरले. शिवाय न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतले की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे जातो. हे गृहस्थ भावांच्या ओळखीचे निघाले तरी ते भावांचे वकील नव्हेत. तेव्हा कंपनीचा वकील वेगळा आणि हमीदाराचा वेगळा असावा. दोघा भावांच्या म्हणण्यात अंतर असेल तर त्यांचेही वकील वेगळे असावेत. एका घरात तीन वकील म्हणजे उधळपट्टी, असे लोक म्हणतात. एकाच वकिलाने दोघांच्या हिताचे बोलताना एकाचे हित बुडवले, तर ती उधळपट्टी किती मोठी होईल ह्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

चौथी कसोटी फीची. किती कामाची किती फी, कोर्टखर्च वेगळा की त्यातच, पुढच्या टप्प्याचे काय, हे आरंभीच कागदावर यावे, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. 'कर्ज माफ करून देतो, सुटलेल्या रकमेचे इतके टक्के द्या' असे म्हणणारा सनदी वकील असेल तर तो आपल्या शिस्तीचे नियम मोडतो. आणि सनदी नसेल तर मुळात तो वकीलच नव्हे. वकिलाला जाहिरात करण्याचीही मनाई आहे. तेव्हा मोबाइलवर येणारे 'कर्जमुक्ती'चे निरोप कोणाचे असतात, हे ओळखणे अवघड नाही. असली मंडळी आगाऊ पैसे घेतात, बँकेचे हप्ते थांबवायला सांगतात आणि नोटीस आल्यावर फोन उचलत नाहीत. ज्याची सनद आहे त्याच्याविरुद्ध निदान बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक न्यायालयात मात्र वकिलाविरुद्ध जाता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे. म्हणून निवडतानाच डोळे उघडे ठेवणे बरे.

'फी द्यायला पैसे असते तर नादार कशाला झालो असतो?' असा प्रश्न आम्हाला अनेकदा ऐकावा लागतो. त्याला उत्तर आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्नाच्या कोणालाही विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. पतीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या किती तरी भगिनींना हा आपला हक्क आहे ह्याची वार्ताही नसते. ती त्यांनी आजच घरी घेऊन जावी.

वकील निवडला, वकीलपत्रावर सही झाली. आता कसे वागावे?

कागद पहिल्या दिवशी द्यावेत, आणि सगळे द्यावेत. कर्जाची यादी, तारणाचे दस्तऐवज, तीन वर्षांचे हिशेब, बँकेची विवरणे, आलेली प्रत्येक नोटीस आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटही. तारखेवरून मुदत मोजायची असते. हिशेब तीन वर्षांचे का? विमुक्तीच्या वेळी न्यायालय जे पाहते त्यात गेल्या तीन वर्षांचे हिशेब नीट ठेवले होते काय, हा एक प्रश्न असतो. बाकीचे प्रश्नही ऐकून ठेवा. बुडालो हे कळल्यावरही धंदा चालूच ठेवला काय? फेडण्याची आशा नसताना कर्ज काढले काय? सट्टा, जुगार किंवा उधळपट्टी केली काय? बिनतारणी कर्जाच्या मानाने मालमत्ता रुपयास आठ आण्यांहून कमी का उरली? ह्या शेवटच्याला कायदाच उत्तराची वाट ठेवतो. ज्या परिस्थितीचा दोष ऋणकोवर येत नाही अशा परिस्थितीने तसे झाले असेल तर ते दाखवून द्यावे. आजारपण, आग, महापूर, बुडालेले गिऱ्हाईक, काहीही असो. पण ते कागदाने दाखवावे लागते. हे प्रश्न न्यायाधीशांनी विचारण्याआधी तुमच्या वकिलाने बंद खोलीत विचारले पाहिजेत. ते कडू लागतात. जो ते विचारत नाही तो तुमची मर्जी राखतो आणि तुमचा खटला बुडवतो.

येथे एका मोहाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. अडचण दिसू लागली की माणूस सदनिका बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करतो. किंवा इतरांना ठेवून मेहुण्याचे पैसे आधी चुकते करतो. दोन्ही गोष्टी त्याला घरच्या कर्तव्याच्या वाटतात. कायदा त्यांच्याकडे वेगळ्या डोळ्याने पाहतो. अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत मोबदल्यावाचून दिलेली मालमत्ता न्यायालय परत ओढून घेऊ शकते. अर्जापूर्वी तीन महिन्यांत एका धनकोला मुद्दाम झुकते माप दिले असेल तर तेही रद्द होते. मालमत्ता लपवली, वह्या नाहीशा केल्या तर एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे जे घर वाचवण्यासाठी केले त्यानेच घर जाते, आणि वर प्रामाणिकपणाची पुंजीही जाते. नादारीच्या न्यायालयात हीच पुंजी चालते.

असे काही आधीच झाले असेल तर काय? ते वकिलाला सांगावे. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाला त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे संरक्षण कायम आहे. पण झालेली गोष्ट सांगणे वेगळे आणि बेकायदा गोष्ट करायला मदत मागणे वेगळे. दुसऱ्याला हे संरक्षण नाही. 'मागची तारीख घालून कागद करून द्या' असे वकिलाला म्हणणारा अशील त्याच्या मदतीच्या पलीकडे जातो; आणि तसा कागद करून देणारा वकील उद्या तुमच्याविरुद्धही तसाच कागद करील.

पुढे, तारीख आपली आपण लिहून ठेवावी. नादार ठरवल्याच्या हुकुमात विमुक्तीचा अर्ज करण्याची मुदत लिहिलेली असते. पहिला हुकूम मिळाला, धनकोंचे तगादे थांबले, आणि मग अशील निर्धास्त होतो, वकील दुसऱ्या कामाला लागतो. मुदत टळली की सारे रद्द होऊ शकते, आणि मग न्यायालयाच्या परवानगीवाचून दुसऱ्यांदा अर्जही करता येत नाही. म्हणून वकीलपत्र देतानाच विचारावे, 'विमुक्तीचा अर्ज आपणच करणार ना?' त्या उत्तरावरून तुमच्या वकिलाचे सारे धोरण कळेल.

वकिलाशी पटेनासे झाले तर? त्याचा ना-हरकत शेरा घेऊन दुसरा करावा. फी राहिली म्हणून कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. परंतु महिन्याला एक वकील बदलणे हाही एक रोग आहे. तीन वकिलांना तीन निरनिराळ्या कहाण्या सांगणाऱ्या अशिलाला चौथाही वाचवू शकत नाही.

वसुलीवाल्यांचा जाच ही घरच्या माणसांना सर्वांत जास्त हादरवणारी गोष्ट असते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सांगितले आहे, की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नयेत. आलेल्या प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवावी आणि ती वही वकिलाला द्यावी. आणि 'तुरुंगात टाकू' ह्या धमकीने गळून जाऊ नये. केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला दिवाणी कैदेत टाकता येत नाही. ऐपत असून बुद्ध्या टाळाटाळ केली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बजावले आहे. ह्या एका वाक्याच्या अज्ञानाने ह्या महाराष्ट्रात माणसांनी काय काय करून घेतले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ज्याला ते वाक्य वेळेवर कोणी सांगितले असते तो कदाचित आज घरी जेवायला बसला असता. वकिलाचे काम केवळ अर्ज लिहिण्याचे नाही, ते ह्या वाक्यापासून सुरू होते.

श्रोत्यांतले काही म्हणतील, की तुम्ही ऋणकोचीच बाजू घेतली. ज्याचे पैसे बुडाले त्याचे काय? पतसंस्थेत आयुष्याची पुंजी ठेवणारा निवृत्त शिक्षकही शेवटी धनकोच आहे, आणि त्याचे दुःख कमी नाही. आमचे उत्तर असे, की उशिरा आणि लपवून केलेली नादारी धनकोलाच जास्त बुडवते. दोन वर्षे आधी, मालमत्ता शिल्लक असताना आलेला माणूस रुपयातले बारा आणे देऊ शकतो. दोन वर्षे सोंग करून आलेला चार आणेही देत नाही. १८७५ साली सुप्याच्या बाजारात ज्यांनी कागद जाळले त्यांचे कर्ज जळले नाही, पण हिशेब जळला. आपल्याला हिशेब राखून कर्ज सोडवायचे आहे. त्यासाठी हिशेब वाचू शकणारा आणि तो आपल्याकडून खरा वदवून घेणारा माणूस शेजारी हवा.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणाच्या घरी हा प्रसंग असेल, किंवा शेजारी असेल, तर एवढेच करा. ह्या आठवड्यात एक कोरा कागद घ्या. त्यावर सर्व कर्जे लिहा. कोणाचे, किती, कशावर, जामीन कोण. एकही गाळू नका, मेहुण्याचेही नाही. तो कागद प्रथम पत्नीला किंवा पतीला दाखवा आणि मग वकिलाकडे न्या. पहिल्या भेटीत त्याने तुम्हाला दहा प्रश्न विचारले आणि एकही आश्वासन दिले नाही, तर त्याच्याच हाती वकीलपत्र द्या.